धुरा कोणी सरकवला? वावरातलं एक भांडण आणि गोठलेल्या जमिनीचा दाखला

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात एका टेकडीच्या पायथ्याशी दोन वावरं आहेत. वरचं काकाजींचं, खालचं त्यांच्या पुतण्याचं. गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण मिटलं असलं तरी दोन्ही घरं तिथंच नांदतात आणि एकाच विहिरीवरून दोघांचं ओलीत होतं.

चाळीसेक वर्षांपूर्वी हे एकच वावर होतं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मधोमध धुरा, म्हणजे बांध, घातला आणि धुऱ्यावर तीन दगड रोवले. एक पूर्वेला ओघळीजवळ, एक मध्ये, एक पश्चिमेला पांदणीच्या कडेला. पुढे धुऱ्यावर बोर आणि पळस उगवले, हरळी माजली. धाकटा भाऊ वारला आणि त्याचा हिस्सा मुलाकडे आला. हा मुलगा अकरावीला माझ्याकडे भूगोल शिकलेला. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तो घरी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "सर, काकाजीनं धुरा सरकवला. दोन हात तं आरामात गेलं माझं वावर. तुमी याच पाहाले."

मी गेलो. मी दोघांच्याही नात्यातला नाही, एवढीच माझी पात्रता. काकाजी धुऱ्यावर उकिडवे बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी कायले सरकवू? मले का समजत नाई का वाटणी काय असते ते? धुरा चालते, सर. आपोआप चालते. पन असं म्हनलं का लोक हासतात."

मी हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात आम्ही वर्गात मृदासर्पण संपवलं होतं. पाठ्यपुस्तकात त्यासाठी जेमतेम चार ओळी असतात: उतारावरची माती अतिशय मंद गतीनं खाली सरकते, त्यामुळे खांब कलतात, झाडांची बुंधं वाकतात. त्याला लागून थंड प्रदेशातल्या सॉलिफ्लक्शनच्या, म्हणजे वितळलेल्या चिखलाच्या वाहण्याच्या, दोन ओळी. मुलं त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सोडून देतात. मीही वीस वर्षं तसंच शिकवलं. काकाजींच्या तोंडून "धुरा चालते" ऐकेपर्यंत त्या सहा ओळी आपल्या शिवारातल्या असू शकतात असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दिसलं ते

उतार फार नाही. पाण्याच्या नळीनं पातळी काढली तर शंभर फुटांना सातेक फूट. वर मुरमाड बरड, खाली उतरत जावं तशी काळी माती जाड होत जाणारी. धुऱ्यापाशी ती दीड-दोन हात खोल आहे आणि तिच्याखाली पक्का मुरूम. मे महिना असल्यामुळे वावर भेगाळलेलं. एका भेगेत पुतण्यानं तुऱ्हाटी सोडली ती त्याच्या कोपराच्याही खाली गेली.

पूर्वेचा, ओघळीजवळचा दगड उताराकडे झुकलेला होता. ओळंबा धरला तर त्याचं डोकं पायाच्या वीतभर पुढे. पश्चिमेचा दगडही त्याच दिशेला झुकलेला, पण चारच बोटं. मधला दगड मात्र ताठ, ओळंब्यात उभा, आणि तरीही पूर्वेच्या व पश्चिमेच्या दगडांमध्ये सुतळी ताणली तेव्हा तो त्या रेषेच्या दीड हात खाली, पुतण्याच्या वावरात निघाला. पुतण्याचा सगळा राग या दगडावर उभा होता. "हा पाहा," तो म्हणाला, "याले कोनी तरी उपटून इथं आनला."

त्याचं हे म्हणणं खरं निघालं. पण ते कळायला वेळ लागला, आणि मध्ये मला फार लांबचा फेरा मारावा लागला. तो फेरा आधी सांगतो, कारण त्याशिवाय तीन दगड तीन तऱ्हेनं का उभे होते हे कळणार नाही.

जिथं नांगर नाही असा उतार

उतारावरची माती स्वतःहून किती आणि कशी सरकते हे आपल्या वावरात मोजणं अवघड आहे. इथं वखर आहे, नांगर आहे, ट्रॅक्टर आहे, बैलांचे पाय आहेत, आणि माणसाचा लोभही आहे. माती सरकली तर कोणाच्या खात्यावर लिहायची? ध्रुवाजवळच्या उतारांवर यातलं काहीच नाही. तिथं माती, पाणी, थंडी आणि उतार एवढ्यांचाच हिशोब असतो. म्हणून या विषयातलं पुष्कळसं ज्ञान तिथून आलं.

जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती किती खोल असावी? सैबेरियातल्या याकुत्स्क गावात फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापारी माणसानं १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खोदायला घेतली. १८३७ पर्यंत खोदकाम चाललं. विहीर ११६ मीटर गेली, आणि तळाशीही जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही. पुढे अलेक्झांडर मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमानं मोजली आणि त्या कोरड्या विहिरीतून विज्ञानाला गोठलेल्या जमिनीचं मोजमाप मिळालं. आमच्याकडे काळ्या दगडात साठ-सत्तर फूट सुरुंग लावून हात हलवत परत आलेला माणूस प्रत्येक गावात आहे. मला वाटतं, शेर्गिनचं मन त्याला पहिल्याच वाक्यात कळेल.

उन्हाळ्यात या जमिनीचा फक्त वरचा थर वितळतो, कुठे हातभर, कुठे पुरुषभर. त्याला सक्रिय थर म्हणतात. बर्फ वितळून पाणी होतं, पण खाली मुरायला वाटच नाही, कारण खाली सगळं गोठलेलं. मग तो थर पाण्यानं तट्ट भरतो, चिखलाची लापशी होते आणि ती लापशी उतारानं हळूहळू वाहू लागते. दोन-तीन अंशांचा उतारही तिला पुरतो. डोंगराच्या अंगावर जिभांसारखे लोळ तयार होतात, त्यांची पुढची कड कधी कमरेएवढी उंच असते. याला सॉलिफ्लक्शन हे नाव स्वीडिश भूशास्त्रज्ञ योहान गुन्नार अँडरसन यानं १९०६ मध्ये दिलं. फॉकलंड बेटांवरच्या आणि उत्तरेकडच्या बेअर बेटावरच्या उतारांचं निरीक्षण त्याच्यामागे होतं. हाच अँडरसन पुढे चीनला गेला आणि आदिमानवाच्या हाडांसाठी प्रसिद्ध झालेल्या झोउकोउदियानच्या गुहांकडे जगाचं लक्ष वळवणाऱ्यांतला एक ठरला. मातीकडे इतकं निरखून पाहणाऱ्या माणसाला मातीतलं हाड सापडावं, याचं मला नवल वाटत नाही.

पण माझ्या कामाची गोष्ट लापशीच्या आधी घडते, माती फुगते आणि बसते तेव्हा. १८८९ मध्ये चार्ल्स डेव्हिसन यानं ती मांडली. माती गोठली की फुगते आणि फुगताना ती उताराला काटकोनात उचलली जाते. वितळली की बसते, पण बसताना सरळ खाली, ओळंब्याच्या दोरीत बसते. चढली एका रेषेत, उतरली दुसऱ्या रेषेत. या दोन रेषांमधला फरक म्हणजे मातीच्या कणानं उताराकडे टाकलेलं एक पाऊल. दरवर्षी एक तरी पाऊल, थंडी-ऊन आलटून पालटून आलं तर अनेक.

माती गोठताना फुगते ती फक्त पाणी फुगतं म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे खरं. पण जमीन त्याहून कितीतरी जास्त उचलली जाते. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या स्टीफन टेबरनं १९३० च्या सुमारास एक सुरेख प्रयोग केला. पाण्याऐवजी त्यानं मातीत बेन्झिन भरलं. बेन्झिन गोठताना फुगत नाही, आकसतं. तरीही माती उचलली गेली! म्हणजे फुगवटा येतो तो ओढीतून: गोठणारा थर खालचा ओलावा स्वतःकडे खेचत राहतो, त्याचे बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात आणि ते वरची माती उचलतात.

हे वाचताना मी थांबलो. आमची काळी माती नेमकं हेच करते, बर्फाशिवाय. तिच्यातल्या चिकणमातीत, ज्याला स्मेक्टाइट म्हणतात त्या खनिजात, कागदाच्या थप्पीसारखे सूक्ष्म पदर असतात. पाऊस पडला की पाणी त्या पदरांमध्ये ओढलं जातं आणि पदर दूर सरतात. माती फुगते, भेगा मिटतात, आणि मिटल्या की खाली पाणी जाऊ देत नाही. मार्चनंतर पदर पुन्हा मिटतात, माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याकुत्स्कला जे गोठण्या-वितळण्यानं होतं ते आर्णीला मृग आणि चैत्र मिळून करतात. एक गंमत अशी की बांधकामाच्या शास्त्रात काळ्या मातीच्या ज्या थरात ऋतूप्रमाणे ओल कमी-जास्त होते त्यालाही सक्रिय पट्टाच म्हणतात, आणि भारतात खोल काळ्या मातीत तो साधारण साडेतीन मीटर धरतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर गोळा असलेले खांब विकसित केले ते याचसाठी, की पाय त्या पट्ट्याच्या खाली रुतावा. याकुत्स्कच्या इमारतीही खांबांवर उभ्या असतात आणि खांबांचे पाय न वितळणाऱ्या थरात असतात. जमीन हलते हे मान्य करून न हलणाऱ्या थराला पाय द्यायचा, ही दोन्हीकडची एकच अक्कल.

कलणं आणि सरकणं

आता दगडांकडे.

सरकणारी माती सगळ्या खोलीवर सारखी सरकत नाही. पृष्ठभागावर सगळ्यात जास्त, खाली कमी कमी, आणि मुरमापाशी शून्य. त्यामुळे ज्या दगडाचा पाय मुरमात आहे आणि कंबर मातीत आहे, त्याचा पाय जागेवर राहतो आणि डोकं पुढे जातं. तो कलतो. शिवाय मातीवर निघालेला भाग काठीच्या टोकासारखा असतो: जमिनीपाशी जितकं सरकतं त्याहून डोक्यापाशी जास्त दिसतं.

याला अपवादही मला ध्रुवाकडूनच कळला. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याजवळ गॅरी बेट आहे. तिथं जे. रॉस मॅके यानं उतारावरच्या सक्रिय थरात नळ्या पुरून अनेक वर्षं मापं घेतली. तिथली थंडी एवढी की सक्रिय थर हिवाळ्यात वरूनही गोठतो आणि खालच्या पर्माफ्रॉस्टच्या बाजूनंही. त्यामुळे बर्फाचे पापुद्रे थराच्या तळाशी साचतात, उन्हाळ्याच्या शेवटी तळच निसरडा होतो, आणि वरचा थर जवळजवळ अखंड, एखाद्या वडीसारखा पुढे जातो. अशा थरात रोवलेला खांब कलत नाही. उभाच्या उभा प्रवास करतो.

म्हणजे ताठ उभ्या राहून जागा बदललेल्या दगडाची कारणं दोनच. तळ निसरडा असेल किंवा हात लागला असेल. आमच्याकडे तळ निसरडा असता तर शेजारचे दोन दगडही ताठच असते. ते कललेले होते. तेव्हा मधल्या दगडाला हात लागला होता, हे मला खोदण्याआधीच कळून चुकलं. पुतण्या याबाबतीत बरोबर होता. कोणाचा हात, हा प्रश्न उरला.

मी ते त्याला त्या दिवशी बोललो नाही. नुसत्या तर्कावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं जाऊ नये असं मला वाटलं. आजही ते बरोबरच वाटतं.

खोदाई

रोहिणी निघायच्या आत खोदायचं ठरलं. पोलीस पाटील आणि गावातली दोन जुनी माणसं बोलावली. सब्बल, फावडं, घमेलं. आधी पश्चिमेचा दगड. दीड हात खाली मुरूम लागला आणि दगडाचा पाय त्या मुरमात, बाजूनं मुरमाच्याच ढेकळांची पाचर मारलेला, जसा रोवला तसा. पूर्वेच्या दगडाचाही पाय जागेवर. तिथं ओघळीमुळे माती खोल आणि खालपर्यंत ओलसर होती, मे महिन्यातसुद्धा.

ओलीचा हा फरक महत्त्वाचा. ईशान्य ग्रीनलंडमधल्या मेस्टर्स विग इथं अल्बर्ट लिंकन वॉशबर्न यानं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उतारावर खुंट्यांच्या रांगा लावून थिओडोलाइटनं, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीनं, त्यांची हालचाल मोजली होती. एकाच उतारावर कोरड्या भागात माती वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर सरकत होती आणि ओल्या भागात तीन-चार सेंटीमीटरपर्यंत. उतार तोच, थंडी तीच, फरक फक्त पाण्याचा. आमच्या दोन दगडांमध्येही तोच फरक होता, कोरड्या टोकाला चार बोटं आणि ओघळीकडे वीत.

कागदावर हिशोब करून पाहिला. माती पावसात दोन इंच उचलली गेली आणि उन्हाळ्यात तेवढीच बसली असं धरलं, तर शंभराला सात उतारावर एका वर्षाचं पाऊल साडेतीन मिलिमीटर. चाळीस वर्षांचे चौदा सेंटीमीटर. प्रत्यक्षात हे कमी भरतं, कारण चिकट माती बसताना थोडी मागेही ओढली जाते. उलट दगडाचं डोकं मातीच्या वर असल्यामुळे तिथं ते वाढून दिसतं. चार बोटं ते वीत हा आकडा या हिशोबात बसतो. दोन हात मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

मग धुरा इतका खाली कसा आला? त्यासाठी धुऱ्याला आडवा चर मारला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या चरानं. चराच्या भिंतीत जुना धुरा स्पष्ट दिसत होता: खड्यांचा आणि हरळीच्या जुन्या मुळ्यांचा एक उंचवटा, वरून काळ्या मातीनं झाकलेला. त्याचा माथा आजच्या धुऱ्याच्या माथ्यापेक्षा हातभराहून जास्त काकाजींच्या बाजूला होता. वरच्या अंगानं माती साचत साचत धुऱ्याला भिडली, त्याच्यावर चढली आणि पलीकडे उतरली. खालच्या अंगानं पुतण्याच्या वावरातला नांगर दरवर्षी धुऱ्याचा पाय कुरतडत होता. म्हणून वरून पाहिलं तर धुरा जेमतेम वीतभर उंच, आणि खालून पाहिलं तर अडीच फुटांची कड.

ही करणी उतारावरच्या नांगरटीची. पलटी नांगर मातीचं ढेकूळ उताराकडे फेकतो तेव्हा ते पुष्कळ लांब जातं, चढाकडे फेकतो तेव्हा कमी, आणि दरवर्षीचा हा फरक जमत जातो. माती जे काम चाळीस वर्षांत बोटांनी मोजण्याइतकं करते ते नांगर काही हंगामांत हातांनी मोजण्याइतकं करतो. काकाजी म्हणाले होते धुरा चालते. चालत होता, पण थोडासा आपल्या पायांनी आणि पुष्कळसा ट्रॅक्टरच्या. ट्रॅक्टर दोघांचाही, भाड्याचा, एकच.

ध्रुवावरच्या उताराचा मला झालेला उपयोग हाच. नांगर नसलेल्या जागी माती किती चालते ते माहीत होतं, म्हणून नांगर असलेल्या जागी नांगराच्या खात्यावर किती लिहायचं ते सांगता आलं. नाहीतर मीही उत्साहात सगळं मृदासर्पणाच्या माथी मारून मोकळा झालो असतो, आणि तेही एका परीनं खोटंच झालं असतं.

मधला दगड

मधला दगड शेवटी खोदला. सगळे जवळ आले होते. त्याचा पाय मुरमात नव्हताच. हातभर खाली, काळ्या मातीत नुसता बसवलेला, पाचर नाही, आणि पायाखाली खताच्या पोत्याची निळसर चिंधी. प्लास्टिकचं विणलेलं पोतं. वाटणीच्या काळी गावात खत तागाच्या पोत्यात यायचं, हे त्या दोन जुन्या माणसांनी एकदम सांगितलं. मी नंतर त्या दगडाच्या सरळ वरच्या बाजूला, पूर्व-पश्चिमेच्या दगडांच्या पायांच्या रेषेत सब्बल घातली. तिथं मुरमात एक खळगा लागला, काळ्या मातीनं भरलेला. मूळ जागा ती.

पुतण्या काकाजींकडे पाहत होता. काकाजी खळग्याकडे.

तेवढ्यात पुतण्याची आई डबा घेऊन धुऱ्यावर आली. काय चाललंय ते तिनं पाहिलं, डबा खाली ठेवला आणि सरळ सांगितलं. ट्रॉलीत कापूस भरून नेताना एका वर्षी दगडाला धक्का लागून तो आडवा झाला होता. पुतण्या तेव्हा लहान होता. "यायच्या बाबानंच रोवला मंग. जुना खड्डा बुजून गेल्ता, धुऱ्यावर झुडपं माजलेले. मी म्हनलं, वरतून रोवा. तं म्हने, भाऊच्या वावरात कायले जा, आपल्याच अंगाले रोवतो. दगड का पळून चालला का म्हने."

कोणी काही बोललं नाही. पुतण्यानं खाली बसून ती निळी चिंधी उचलली, झटकली, आणि खिशात घातली.

त्यानं मोजणीचा अर्ज आधीच केला होता. काकाजींना वाटलं तो आता मागे घेईल. मी मागे घेऊ नकोस म्हटलं. माझ्या सब्बलीनं ठरलेली हद्द उद्या त्यांची नातवंडं का मानतील? जानेवारीत भूमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा मोजणारं यंत्र, घेऊन आले. त्यांनी दाखवलेली रेषा कललेल्या दगडांच्या डोक्यांपेक्षा त्यांच्या पायांच्या जवळ, वीतभराच्या अंतरानं गेली. मधला दगड त्याच रेषेवर, मुरमात, पाचर मारून पुन्हा उभा केला. या वेळी दोघांनी मिळून.

धुऱ्याचा साचलेला भाग कोणी कोणाकडे ओढायचा नाही, नांगरट दोघांनीही उताराला आडवी करायची आणि धुऱ्यापासून दोन हात सोडून वळायचं, एवढं ठरलं आहे. पुतण्या ते पाळतो. काकाजींचा ट्रॅक्टरवाला एकदा विसरला, त्यावरून थोडी बोलाचाली झाली, पण तहसीलपर्यंत काही गेलं नाही.

पुढचं माप

मला एक गोष्ट अजून हवी होती. दगड कलले हे कळलं, पण माती कोणत्या खोलीवर किती सरकते ते दगड सांगत नाही. स्वीडनच्या डोंगरउतारांवर स्टेन रुडबर्ग यानं त्यासाठी साधी युक्ती केली होती: जमिनीत उभं भोक पाडायचं, त्यात छोटे छोटे तुकडे एकावर एक रचून खांब करायचा, बुजवायचं, आणि काही वर्षांनी शेजारून काळजीपूर्वक खोदून तो खांब किती वाकला ते पाहायचं. एकसंध काठी हट्ट करते, सुटे तुकडे मातीबरोबर जातात.

मृगाआधी अकरावीची सहा मुलं घेऊन मी धुऱ्यावर गेलो. ठिबकच्या टाकाऊ नळीचे दोन-दोन इंचांचे तुकडे कापून नेले होते. तीन भोकं पाडली, एक ओघळीजवळ, एक मध्ये, एक पांदणीकडे. ओघळीजवळच्या भोकात बावीस तुकडे मावले, पांदणीकडे सतराच, तिथं मुरूम वर आहे. प्रत्येक खांबाच्या बाजूला मुरमात खोल लोखंडी सळई ठोकली आणि तिच्या डोक्याला चुना लावला. नांगरवाल्याला दिसावी म्हणून काकाजींनी त्यावर लाल चिंधी बांधली. एका मुलीनं वहीत नकाशा काढला आणि विचारलं, "सर, खोदायचं कधी?" पाच वर्षांनी, मी म्हणालो. तोवर ती कुठं असेल माहीत नाही, म्हणून वही शाळेच्या कपाटात ठेवली आहे. नकाशाची दुसरी प्रत पुतण्याकडे आहे, मोजणीच्या कागदांच्या फाइलमध्ये.